उशिरा आलेल्यांचा सिनेमा

दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांतील आमच्या ख्रिस्ती कुटुंबांतून गेल्या काही वर्षांत एक नवाच प्रश्न कानी येऊ लागला आहे. रेल्वेतून, शाळेतून, रुग्णालयातून निवृत्त झालेली मंडळी विचारतात, 'फादर, आता या वयात चित्रपट शिकायला गेलो तर चालेल का?' घरातील मुले यावर हसतात. सुना 'बाबांना काहीतरी विरंगुळा हवाच आहे' असे म्हणून विषय मिटवतात. आम्हांला मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटत नाही. त्यात भविष्यनिर्वाह निधीतून बाजूला काढलेले पैसे आहेत, हाती उरलेली मोजकी वर्षे आहेत, आणि ज्या आयुष्याची नोंद कोणी कोठे करून ठेवली नाही ते एकदा तरी पडद्यावर यावे ही इच्छा आहे. तेव्हा 'जा' किंवा 'जाऊ नका' असा सल्ला देऊन मोकळे होण्यापूर्वी, दुसऱ्या व्यवसायात मुरल्यावर चित्रपटाकडे वळलेल्यांनी प्रत्यक्षात कसले चित्रपट केले, त्यांचे पूर्वायुष्य त्यांना कोठे उपयोगी पडले आणि कोठे आडवे आले, हे समीक्षकाच्या नजरेने पाहणे आम्ही पसंत करतो.

आरंभ दौंडपासूनच करावा लागतो. डॉ. जब्बार पटेल हे दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करीत होते. त्यांच्या पत्नीही डॉक्टर. इकडे दवाखाना आणि तिकडे पुण्याला नाटकाच्या तालमी, अशी त्यांची वर्षे गेली. 'घाशीराम कोतवाल' डिसेंबर १९७२ मध्ये रंगमंचावर आले आणि 'सामना' १९७५ मध्ये पडद्यावर. त्या वेळी त्यांचे वय तेहतीसच्या आसपास होते. निवृत्तांच्या पंक्तीत त्यांना बसविणे अर्थातच अन्यायाचे होईल. परंतु एका विद्येत पुरते तयार झाल्यावर ते दुसरीकडे आले, आणि कोणत्याही चित्रपटशाळेची पायरी न चढता आले, म्हणून ते आमच्या विषयाला जवळचे. 'सामना'ची बरीच मंडळी याच जातकुळीची होती. निर्माते रामदास फुटाणे चित्रकलेचे शिक्षक. मास्तरांची भूमिका करणारे डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद. चाळिशी ओलांडल्यावर, १९६९ मध्ये, त्यांनी व्यवसाय सोडून पूर्णवेळ अभिनय पत्करला होता. मारुती कांबळे झालेले मोहन आगाशे पेशाने मनोविकारतज्ज्ञ. पुढे १९९७ मध्ये तेच पुण्याच्या फिल्म संस्थेचे संचालक झाले. अशा या चित्रपटाची १९७५ च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेसाठी निवड व्हावी, ही गोष्ट शाळेच्या दारावर टिळा लावून बसलेल्यांना आजही थोडी अडचणीची वाटत असावी.

आपल्या भागातील वाचकांना 'सामना'चे जग वेगळे समजावून सांगायला नको. साखर कारखान्याच्या चिमणीभोवती सबंध पंचक्रोशीचे जगणे कसे फिरते, हे पाटसच्या आणि न्हावऱ्याच्या आसपास राहिलेल्या माणसाला ठाऊक असते. दारूत बुडालेला एक म्हातारा मास्तर गावात येतो. सत्ताधीश हिंदुराव धोंडे पाटील त्याला आसरा देतो. आणि गावातून नाहीसा झालेला मारुती कांबळे हा माजी सैनिक गेला कोठे, एवढे एकच मास्तर विचारीत राहतो. संहिता विजय तेंडुलकरांची. ती इतकी बळकट आहे की, चित्रपट अनेक ठिकाणी तिच्या खांद्यावर बसूनच पुढे जातो. दोन माणसे समोरासमोर, एकाचे वाक्य संपले की दुसऱ्याचे, आणि कॅमेरा आज्ञाधारकपणे इकडून तिकडे. ही रंगमंचाची सवय आहे. नीळू फुले आणि डॉ. लागू यांच्यासारखे नट असल्यामुळे ती खुपत नाही, एवढेच.

मग 'सामना' आजही मनाला का झोंबतो? आम्हांला वाटते, त्याचे उत्तर नाटकात शोधण्यापेक्षा दौंडच्या दवाखान्यात शोधावे. बालरोगतज्ज्ञाचा रुग्ण बोलत नाही. कोठे दुखते ते तो सांगू शकत नाही, आणि आई जे सांगते ते भीतीपोटी वाढवून सांगितलेले असते. डॉक्टरला पाहावे लागते: श्वास कसा चालला आहे, मूठ आवळलेली आहे की सैल, नजर फिरते की थिजली आहे. 'सामना'तील हिंदुरावाचा चेहरा तो बोलत नसताना पाहावा. प्रश्न ऐकल्यावर उत्तर देण्यापूर्वी जो अर्धा क्षण जातो, त्या अर्ध्या क्षणात सबंध गुन्हा दिसतो. दिग्दर्शकाने तेथे घाई केलेली नाही. पुढे दोनच वर्षांनी आलेल्या 'जैत रे जैत'मध्ये (१९७७) तर हा डॉक्टर खोलीबाहेर पडून डोंगरावरच गेला. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरील त्या चित्रपटात ठाकरांचा डोंगर, कड्यावरची मधमाश्यांची पोळी, महानोरांची गाणी आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत हेच अर्धेअधिक बोलतात. 'सामना'नंतर दोन वर्षांत एवढा पल्ला गाठायचा, तर त्यामागे कोठली तरी शिकवणी असणारच. ती रोजच्या तालमींची होती, आणि भोवतालच्या जाणत्या माणसांचीही होती. 'घाशीराम' आणि 'सामना' या दोहोंना संगीत देणारे भास्कर चंदावरकर फिल्म संस्थेतच संगीत शिकवीत होते, हे विसरून 'शाळा न करता जमते' असा निष्कर्ष कोणी काढू नये.

दुसरे उदाहरण आमच्या विषयाला अधिक नेमके लागू पडते. सुमित्रा भावे (१९४३-२०२१) समाजशास्त्राच्या अभ्यासक आणि शिक्षिका. झोपडपट्टीतील स्त्रियांच्या जीवनाचा अभ्यास करताना, आपण लिहिलेला अहवाल ज्यांच्याविषयी आहे त्यांनाच तो वाचता येत नाही, हे त्यांना खुपले, आणि त्यातून १९८५ मध्ये 'बाई' हा त्यांचा पहिला लघुपट झाला. तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या. चित्रपटाचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. पण फिल्म संस्थेत शिकलेले सुनील सुकथनकर पुढे त्यांचे सहदिग्दर्शक झाले. म्हणजे शाळा त्यांच्या घरी आली, असे म्हणायला हरकत नाही. बाईंनी माणसे आणायची, त्यांचे बोलणे आणायचे; ते कोठून पाहायचे आणि किती वेळ पाहायचे, हे दोघांनी मिळून ठरवायचे. पस्तीस-छत्तीस वर्षे टिकलेली ही जोडी मराठी चित्रपटाच्या इतिहासात एकमेव आहे.

या जोडीच्या चित्रपटांत उशिरा आलेल्या माणसाचे गुण आणि दोष दोन्ही स्वच्छ दिसतात. 'दोघी' (१९९५) हा आमच्या मते त्यांचा सर्वांत निर्दोष चित्रपट. लग्नाच्या दिवशीच घरावर अपघाताने घाला पडतो, थोरली बहीण मुंबईला पाठविली जाते, तिच्या पैशावर घर चालते आणि तिचे नाव मात्र घरात कोणी घेत नाही. उत्तरा बावकरांची आई आठवा. ती काही समजावून सांगत नाही. तिला जे ठाऊक आहे ते तिच्या चालण्यात, चूल फुंकण्यात आणि धाकटीकडे न पाहण्यात आहे. वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या घरात बसून शांतपणे ऐकलेल्या बाईलाच हे दाखविता येते. चाळिशीपूर्वी एखाद्याला हे साधेल की नाही, याची आम्हांला शंका आहे.

आता 'अस्तु' पाहा. हा चित्रपट २०१३ चा. त्या वेळी दिग्दर्शिकेचे वय सत्तर. निवृत्त संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री यांची स्मृती आणि भाषा दोन्ही हळूहळू निघून चालली आहे. ही भूमिका आगाशे यांची. रस्त्यात हत्ती दिसतो आणि ते लहान मुलासारखे त्याच्यामागे निघून जातात. माहुताची बायको, कानडी बोलणारी चन्नम्मा, त्यांना सांभाळते. 'अस्तु'च्या संवादांसाठी भावे यांना, आणि चन्नम्मासाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरीही आमचे मत निःसंकोचपणे मांडायचे तर, चित्रपट शहरातल्या घरात असतो तेव्हा फार बोलतो. आजार म्हणजे काय, मुलींचे कर्तव्य काय, ज्ञान गेल्यावर माणसाचे काय उरते, हे पात्रे एकमेकांना सांगतात आणि त्यांच्या आडून लेखिका आपल्याला सांगते. तेथे प्राध्यापिका जागी होते. हत्तीच्या सावलीत गेल्याबरोबर मात्र चित्रपट श्वास घेऊ लागतो. पंडिताला चन्नम्माची भाषा येत नाही, चन्नम्माला पंडिताची येत नाही. ती त्याला भरवते, तो जेवतो. ज्यांच्या घरी असा विसरलेला बाप किंवा आई आहे, त्यांनी तो भाग पाहिला तर त्यांना कोणी काही समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

यावरून उशिरा आलेल्यांची खरी अडचण कोणती ते ध्यानात येते. त्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते, आणि तेच त्यांना घातक ठरते. तरुण विद्यार्थी कॅमेरा हाती घेतो तेव्हा सांगायचे काय, हे त्याला अजून सापडलेले नसते. म्हणून तो पाहत सुटतो, भिंतीवरची पाल आणि पावसाचे पाणी टिपतो. साठीच्या माणसाला मात्र सांगायची घाई असते. त्यातून तो शिक्षक असेल तर पाहायलाच नको. (प्रवचन करणाऱ्यांची गोष्ट आम्ही मुद्दामच काढत नाही.) शब्द हे त्याचे आयुष्यभराचे हत्यार. ते खाली ठेवायला कोणी सांगितले तर त्याला हात बांधल्यासारखे वाटते.

ते खाली ठेवायला लावणे, हेच चित्रपटशाळेचे काम. पुण्याची संस्था १९६० मध्ये प्रभात कंपनीच्या जागेवर सुरू झाली. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही पुण्यातच आले; २०२२ मध्ये ते चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. तेथे रसास्वाद शिकविणारे सतीश बहादूर हे मुळात आग्र्याचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक, म्हणजे तेही दुसऱ्या गावचेच. 'पथेर पांचाली'चा प्रसंगन् प्रसंग ते उलगडून दाखवीत. त्यांच्या परंपरेतला चित्रपट रसास्वादाचा वर्ग अनेक वर्षे उन्हाळ्यात काही आठवडे भरत आला आहे. त्यात डॉक्टर, गृहिणी, वकील, शिक्षक, असे सर्व वयांचे लोक बसत आले आहेत. या वर्गात यंत्र हाती देत नाहीत. चित्रपट पाहायचा, पुन्हा पाहायचा, आणि आपण जे पाहिले असे म्हणतो ते खरोखर पडद्यावर होते की आपल्या मनात, याचा झाडा द्यायचा. याशिवाय २०१७ पासून संस्थेने देशाच्या निरनिराळ्या भागांत अल्पमुदतीचे वर्गही भरविण्यास सुरुवात केली. आमच्या वाचकांना कदाचित ठाऊक असेल की, कोलकात्यात १९७० मध्ये 'चित्रबाणी' ही संस्था काढून फादर गॅस्तों रोबेर्ज या येशूसंघीय धर्मगुरूंनी बंगालमध्ये हेच काम पुष्कळ वर्षे केले. ते २०२० मध्ये निवर्तले.

साठीच्या माणसाने तीन वर्षांच्या पदविकेच्या मागे लागावे, असे आम्हांला वाटत नाही. रात्ररात्र चालणारी चित्रीकरणे आणि प्रवेशपरीक्षेची शर्यत पेलण्याची जिद्द कोणात असेल तर त्याला आमचा नमस्कार. परंतु ज्याला स्वतःच्या आयुष्यातील एकदोन गोष्टीच सांगायच्या आहेत, त्याला पडद्यावर काय घडते हे कळले की पुष्कळ झाले. काही आठवड्यांत 'दिग्दर्शक' करून देतो असे सांगून लाखालाखाचे शुल्क मागणारे खाजगी वर्ग शहरात निघाले आहेत, त्यांच्यापासून मात्र दूर राहावे. निवृत्तीची रक्कम हाती आलेल्या माणसाकडे अशांचे लक्ष असते. आणखी एक गोष्ट मनाशी पक्की करून जावे: शिकविणारा आपल्या मुलाच्या वयाचा असेल, आणि तो आपण तीन दिवस खपून घेतलेले दृश्य अर्ध्यावर थांबवून 'येथपासून पुढचे काढा' म्हणेल. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला हे वाक्य प्रवेशपरीक्षेपेक्षा अवघड जाते.

या संदर्भात पोर्तुगालच्या मानुएल द ऑलिव्हेरा यांची आठवण होते. जन्म १९०८ चा. १९४२ मध्ये त्यांनी पहिला कथापट केला आणि त्यानंतर जवळजवळ चौदा वर्षे त्यांच्या हातून चित्रपट झाला नाही. घरचा कारखाना आणि शेतीवाडी ते पाहत राहिले. १९५५ मध्ये, सेहेचाळिसाव्या वर्षी, ते जर्मनीत अ‍ॅग्फा कंपनीकडे रंगीत छायाचित्रणाचे तंत्र शिकायला गेले, आणि परतल्यावर स्वतःच्या पोर्तो शहरावर त्यांनी एक लहानसा रंगीत चित्रपट केला. पुढे वयाच्या शंभरीनंतरही ते चित्रपट करीत राहिले; २०१५ मध्ये वारले तेव्हा एकशे सहा वर्षांचे होते. त्यांचा १९६३ चा 'आक्तो द प्रिमावेरा' आपल्या धर्मग्रामांतील मंडळींनी अवश्य मिळवून पाहावा. एका डोंगराळ खेड्यातील शेतकरी दरवर्षी प्रभूच्या दुःखसहनाचे नाट्य करीत, तेच त्यांच्याकडून करवून घेऊन चित्रित केलेले आहे. शेतकरी जुन्या भाषेतील वाक्ये सुरात म्हणतात. त्यांच्या हातांवरचे घट्टे दिसतात. नाटकाबाहेरचे आजचे जग मध्येच डोकावते, आणि दिग्दर्शक ते लपवीत नाही. आपल्याकडे गुड फ्रायडेच्या नाट्याची चित्रफीत निघते तेव्हा काय दिसते? कॅमेरा मंचासमोर एका जागी उभा, येशूच्या चेहऱ्यावर पिवळा दिवा, आणि मागून सिनेमातले संगीत. ज्याने क्रूस खांद्यावर घेतला तो पोरगा एरवी गॅरेजमध्ये काम करतो, हे त्याच्या हातांवरून दिसले असते. ते हात कोणी जवळून पाहिलेलेच नाहीत.

हे सारे आम्ही ज्यांच्या निमित्ताने लिहितो आहोत, त्यांच्या चित्रपटाकडे आता वळतो. रेल्वेत गार्ड म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले हे दौंडचे गृहस्थ. नाव छापू नये, अशी त्यांची इच्छा आहे. ग्रॅच्युइटीतून त्यांनी चांगला कॅमेरा घेतला आणि दौंडच्या रेल्वेवर एक तास वीस मिनिटांचा माहितीपट केला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला तेथपासून सगळे त्यात होते. निवेदन त्यांच्याच आवाजात, एक क्षण न थांबणारे. जुन्या वाफेच्या इंजिनांची छायाचित्रे, सहकाऱ्यांच्या मुलाखती, आकडे, तारखा. नाताळात सभागृहात तो दाखविला तेव्हा लोक सभ्यपणे शेवटपर्यंत बसले. माहिती म्हणून त्याला मोल आहे. चित्रपट म्हणून तो डोळे मिटून पाहिला तरी चालला असता.

त्यानंतर ते उन्हाळ्यात पुण्याला रसास्वादाच्या वर्गाला गेले, आणि परतल्यावर वर्षभर त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. मग दुसरा चित्रपट केला. तो बारा मिनिटांचा आहे आणि त्यात निवेदन नाही. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला आली की तिची दिशा उलटत असे. इंजिन काढायचे, शेजारच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला न्यायचे आणि तेथे जोडायचे. कॉर्ड लाइन झाल्यापासून कित्येक गाड्या मुख्य स्थानकात न शिरताच परस्पर पुढे जातात. चित्रीकरण त्यापूर्वीचे आहे. पॉइंट्समन वाकून जोडणी सोडवतो. इंजिन निघून जाते आणि डबे बिनडोक्याचे उभे राहतात. लोक चहाला उतरतात. खिडकीतले एक मूल गाडीचे तोंड हरवल्यासारखे बघत बसते. आणि गार्ड, जो आतापर्यंत गाडीच्या शेवटी होता तो दिशा बदलल्यामुळे पुढे आलेला, फलाटावरून सबंध गाडीची लांबी चालत नव्या शेवटाकडे निघतो. त्याच्यामागे पेटी. हे चालणे जवळजवळ तीन मिनिटे चालते. कोणी त्याच्याकडे पाहत नाही. आयुष्यभर हा माणूस गाडीच्या शेवटी राहिला, आणि गाडीने तोंड फिरवले की शेवटच्या जागी पोहोचण्यासाठी त्याला चालत जावे लागले, हे पडद्यावर एकदाही उच्चारलेले नाही. पहिल्या चित्रपटातील ऐंशी मिनिटांत जे सांगून झाले नव्हते ते या तीन मिनिटांत दिसते. बाहेरच्या माणसाला ते सुचले नसते, आणि त्या गार्डालाही वर्गात बसण्यापूर्वी सुचले नव्हते.

दोष आहेतच. ध्वनीकडे दुर्लक्ष झाले आहे. फलाटावरच्या घोषणा मध्येच तुटतात. चहावाल्याचा प्रसंग लांबला आहे आणि तो हसविण्यासाठी घातला आहे हे कळते. सर्वांत खटकतो तो शेवटचा मिनिट: गाडी गेल्यावर मावळता सूर्य, रिकामे रूळ आणि त्यावर व्हायोलिन. गार्ड नव्या शेवटाला पोहोचतो, हिरवा बावटा दाखवतो, गाडी हलते. तेथे चित्रपट संपलेला आहे. शिरूरच्या काही निवृत्त शिक्षकांना तो दाखविला तेव्हा त्यांपैकी दोघांनी हेच सांगितले, आणि आम्हीही सांगितले. तो मिनिट अजून कापलेला नाही. मिसेसना तो आवडतो, असे ते म्हणतात.